डाव्या बाजूची काकडी

मराठी पान वाढण्याची रीत ठरलेली आहे. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद आणि सणानुसार पुरणपोळी किंवा मोदक. उजव्या बाजूचे पदार्थ पोटभर वाढतात, डाव्या बाजूचे चमच्याने; त्यामुळे स्वयंपाकघरातही डाव्या बाजूला मान जरा कमीच. पुरण कोण शिजवणार, मोदकाची उकड कोण काढणार यावर आदल्या रात्री खल होतो. कोशिंबीर मात्र "तू जरा काकडी चिरून टाक गं" एवढ्या एका वाक्यात निघते, आणि ते वाक्य बहुधा घरातल्या सर्वांत नवख्या माणसाच्या वाट्याला येते.

मग व्हायचे तेच होते. पाने वाढली जातात तेव्हा पातेल्यातली काकडी स्वतःच्याच पाण्यात बुडालेली असते. कूट लगदा होऊन तळाशी बसलेले असते. वाढणारा चमचा कडेला टेकवून पाणी निथळायचा प्रयत्न करतो, तरी ओघळ चटणीत जातोच आणि तिथून पोळीच्या काठाखाली शिरतो. काकडी मऊ पडलेली, चव पाणचट. जेवणारे सौजन्याने काही बोलत नाहीत.

सणाच्या पानात कोशिंबिरीचे काम काय, हे एकदा पाहून घ्यायला हवे. त्या दिवशीचा बहुतेक स्वयंपाक मऊ असतो. पुरण मऊ, भात मऊ, बटाट्याची भाजी मऊ, अळूचे फदफदे तर नावाप्रमाणेच. शिवाय बहुतेक पदार्थ गोड, तुपकट आणि गरम. या सगळ्यात गार, आंबट आणि दाताखाली वाजणारी अशी एकच जागा असते. ती जागा पाणचट झाली की पानातला अर्धा तोल गेला, असे माझे मत आहे.

वाजणारा आणखी एक पदार्थ पानात असतो: पापड किंवा कुरडई. गंमत अशी की दोघांचा आवाज अगदी उलट कारणांनी येतो. तळलेल्या पापडात पाणी जवळजवळ उरलेले नसते. त्याच्या कोरड्या, ठिसूळ भिंती मोडतात म्हणून तो कुरकुरतो. हवेतला ओलावा मिळाला की तो सादळतो. काकडी करकरते ती पाण्याने गच्च भरलेली असते म्हणून, आणि मऊ पडते ती पाणी गमावून. एकाच पानात एकाला पाणी मिळू द्यायचे नाही आणि दुसरीचे पाणी जाऊ द्यायचे नाही. पापडाला आपण डबा देतो, झाकण देतो, आयत्या वेळी तळतो. काकडीची मात्र तासभर आधी मीठ लावून वाट लावतो.

आवाजाचे महत्त्व केवळ आपल्या हौसेचे नाही. ऑक्सफर्डच्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बटाट्याचे काप खाताना होणारा आवाज त्यांनी खाणाऱ्यांना हेडफोनमधून ऐकवला आणि मधल्या मध्ये त्यात फेरफार केला. आवाज मोठा केला किंवा त्यातले उंच स्वर वाढवले, की तेच काप लोकांना अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटले. या कामाला 2008 साली इग नोबेल हे थट्टेखोर पारितोषिकही मिळाले. ताजेपणाचा निवाडा जीभ एकटी करत नाही, कान तिच्या शेजारी बसलेला असतो.

आता काकडीच्या आत पाहू. तिच्या वजनात 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दुधात ते सुमारे 87 टक्के. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने काकडी दुधापेक्षा पातळ, तरी ती हातात काठीसारखी ताठ राहते. कारण तिचे पाणी मोकळे नाही, लाखो पेशींत बंद आहे. प्रत्येक पेशीला बाहेरून सेल्युलोज आणि पेक्टिनची भिंत आणि तिच्या आतून एक पातळ पडदा. पेशीतल्या रसात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, ते बाहेरचे पाणी आत ओढतात. आत आलेले पाणी पडद्याला भिंतीवर दाबते. हवा भरलेली सायकलची ट्यूब टायरला आतून ताणून धरते, तसेच हे. हा दाब थोडाथोडका नसतो. ताज्या वनस्पतीच्या पेशीत तो मोटारीच्या टायरमधल्या दाबाहून अधिक भरू शकतो. दाताने चावा घेतला की अशा ताणलेल्या पेशी एकदम फुटतात. आवाज होतो आणि रस उडतो, दोन्ही एकाच क्षणी. काकडी शिळी झाली की पेशी ढिल्या पडतात, दात त्यांना फोडण्याऐवजी दाबतात, आणि तोंडात चिवट काहीतरी फिरत राहते.

पाणी असे पडद्यातून ये-जा करते, हे पहिल्यांदा नीट पाहिले ते झां-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मगुरूने, 1748 साली. त्याने मद्यार्काने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी मूत्राशय टम्म फुगून आले. पाणी आत शिरले होते. पुढे याकोबुस व्हान्ट हॉफ याने या दाबाचे गणित मांडले. रसायनशास्त्राचे अगदी पहिले नोबेल पारितोषिक, 1901 सालचे, ज्या कामासाठी त्याला मिळाले, त्यात हे गणित होते. पेशीच्या पडद्यात पाण्यासाठी वेगळ्या सूक्ष्म वाटा असतात, हे दाखवणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 साली त्याच विषयातल्या नोबेलचा वाटा मिळाला. कोशिंबिरीच्या पातेल्यात तळाशी साठणाऱ्या पाण्यामागे दोन नोबेल आहेत, ही माहिती ते पाणी पाहून हळहळणाऱ्या गृहिणीला कितपत दिलासा देईल कोण जाणे.

पाणी नेहमी पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जाते. साध्या पाण्यात ठेवलेल्या काकडीत पाणी शिरते, मीठ लावलेल्या काकडीतून ते बाहेर येते. मिठाचे खडे काकडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळले की तिथे पेशीतल्या रसाहून कितीतरी दाट खारे पाणी तयार होते आणि पुढचे सारे आपोआप घडते. साखरही हेच करते, पण सौम्यपणे. साखरेचा रेणू मोठा आणि जड; मिठाचा छोटा आणि पाण्यात पडताच त्याचे दोन भाग होणारा. वजनाला वजन धरले तर मिठाची ओढ साखरेच्या सुमारे बारापट भरते. म्हणून कोशिंबिरीत साखर आधी पडली तर फारसे बिघडत नाही, मीठ आधी पडले तर बिघडते. "मीठ आयत्या वेळी घाल" हे सांगणाऱ्या आज्जीला रेणू माहीत नव्हते, पण क्रम पक्का माहीत होता.

मिठाखालोखाल दोष जातो चिरण्याकडे. काकडीची पेशी साधारण एक दशांश मिलिमीटरची धरा. एक सेंटिमीटरची चौकोनी फोड केली, तर तिच्या सहा बाजूंवरच्या कापलेल्या पेशी एकूण पेशींच्या 6 टक्के भरतात. तीच फोड दोन मिलिमीटरच्या बारीक तुकड्यांत चिरली की हे प्रमाण 27 टक्क्यांवर जाते. हिशेब ढोबळ आहे, पण बारीक चिरण्याची किंमत त्यातून कळते: चौथ्या हिश्श्याहून जास्त पेशी सुरीनेच फुटतात, मीठ नंतरचे. किसणीवर तर तुकडे कापले जात नाहीत, फाटले जातात. किसलेल्या काकडीची कोशिंबीर म्हणजे मूळची रसाळ भाजी आणि वर तिचा रस. ती दह्यात कालवून गिळायला बरी, करकरीत कधीच होत नाही.

यावर मराठी स्वयंपाकघराने काढलेला तोडगा म्हणजे काकडी चोचवणे. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीने तिच्या टोकावर उभे-आडवे जवळजवळ घाव घालत जायचे, आणि मग सुरी आडवी फिरवून वरचा थर खाली पाडायचा. पुन्हा घाव, पुन्हा थर. मिळतात ते तुकडे एकसारखे नसतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे, काही लांबट. बारीक तुकड्यांचा थोडा रस सुटतो, त्यात कूट आणि लिंबू मिळून येते. मोठे तुकडे करकर राखतात. फळीवर सुरीने एकसारखे चौकोन करणाऱ्या हॉटेलच्या आचाऱ्याला हे जमत नाही, आणि विजेच्या चॉपरलाही नाही. चॉपरचे पाते बहुधा बोथट असते आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा मारते. अर्ध्या मिनिटात खाली पाणी दिसते. धार महत्त्वाची. विळीची धार काय किंवा सुरीची काय, पेशी कापली जायला हवी, चेंगरली जायला नको.

चिरण्याआधी काकडी गार पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तर आणखी फायदा होतो. बाजारात दिवसभर उन्हात राहिलेल्या काकडीने बरेच पाणी गमावलेले असते. सोलून, दोन्ही टोके कापून ठेवली की ती काही पाणी परत घेते. गारव्याने पेक्टिनही थोडे घट्ट होते. मात्र या पाण्यात मीठ घालू नये. "जंतू मरतात" म्हणून मीठ घालणारी घरे आहेत. तेवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत, काकडी मात्र मरते. आणि काकडी दिवसेंदिवस फ्रिजमध्येही ठेवू नये. ही उष्ण हवेतली भाजी आहे. 10 अंशांखाली काही दिवस राहिली की तिच्या सालीवर खड्डे पडतात आणि गर पाणेजतो. केळी आणि टोमॅटोशेजारीही नको. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती पिवळी पडते. सणाच्या सकाळी आणलेली काकडी सर्वांत उत्तम, आणि पहाटे तोडलेली असेल तर सोन्याहून पिवळे. रात्रभर पानांतून फारसे पाणी उडून जात नाही, त्यामुळे पहाटे वेलावरचे सगळे काही टम्म असते.

कडू काकडीचा प्रश्न मात्र पाण्याचा नाही. काकडी मूळची आपल्याच भूमीची. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी भावंडे अजून वाढतात आणि ती जहर कडू असतात. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा, कीटक आणि जनावरांपासून बचावासाठी. 2014 साली चिनी संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात हे द्रव्य घडवणारी नऊ जनुके सापडली आणि माणसाने लागवडीत आणताना कोणता बदल निवडत नेला, तेही कळले. तरी उन्हाचा ताण पडला, पाणी कमी मिळाले, की एखादी काकडी जुन्या वळणावर जाते. कडूपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो. टोक कापून, मीठ लावून तेच काकडीवर घासणे आणि पांढरा फेस काढणे हा घरोघरचा विधी; पण घासल्याने आतला कडूपणा ओढून निघतो, यावर माझा विश्वास नाही. उपयोग होतो तो देठाकडचे बोटभर टोक कापून टाकल्याचा आणि साल जाड काढल्याचा.

खरा उपाय एकच, तुकडा खाऊन पाहणे. आणि इथे सणाची अडचण येते. नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही, असा बहुतेक घरांचा दंडक. न चिरलेल्या काकडीचा टोकाचा तुकडा खाणे हे उष्टावणे होते की नाही, याचा निवाडा त्या त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावा. मी आपला इतकेच म्हणेन, की एक कडू काकडी दहा चांगल्या काकड्यांची कोशिंबीर घालवते, आणि देवाला कडू नैवेद्य दाखवणे यातही काही पुण्य नाही.

कोकणात गणपतीच्या दिवसांत काकडी म्हणजे तवसे. पावसाळी वेलावरचे, हातभर लांब, जाड सालीचे, भरदार. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीत रानातल्या फळांबरोबर तवशीही टांगलेली दिसतात. तवशाचा गर वाजतो छान, पण पोटात मोठ्या बिया आणि त्यांच्याभोवती गिळगिळीत मगज असतो. सगळ्यांत मोकळे पाणी तिथे. तो चमच्याने खरवडून काढल्याशिवाय तवशाची कोशिंबीर करू नये. परदेशात गणपती बसवणाऱ्या मराठी घरांना तिथली लांब, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काकडी मिळते. तिची साल इतकी पातळ, की आवरण नसेल तर लवकर सुकते. ती सालीसकट चिरावी. जाड सालीची, मेण लावलेली दुसरी मिळते, ती सोलावीच.

सगळ्या भाज्या काकडीइतक्या नाजूक नसतात, आणि पंगत मोठी असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाजराच्या भिंती जाड. किसले तरी तासभर तग धरते. गाजरातले कॅरोटीन तेलात विरघळणारे असल्याने वरची फोडणी नुसती चवीची नाही, ते अंगी लागण्यासाठीही हवी. कोबी तर पंगतीचा राजा. केसासारखा बारीक चिरलेला कोबी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओले खोबरे, हिरवी मिरची, लिंबू अशी पचडी दोन तासही उभी राहते. मुळा करकरतो, पण किसला की त्यातले एक विकर मोकळे होऊन तिखट, उग्र वासाचे द्रव्य तयार होऊ लागते. जितका वेळ जाईल तितका वास वाढतो. मुळ्याची कोशिंबीर केली की लगेच वाढावी. टोमॅटोविषयी मात्र मला ममत्व नाही. त्याचा बुळबुळीत मगज काढून आमटीत टाका, उरलेला गर कोशिंबिरीत घाला, नाहीतर टोमॅटो त्या दिवशी सुट्टीवर असू द्या. लग्नाच्या कार्यालयात मिळणारी काकडी-कांदा-टोमॅटोची जी पांढरट-गुलाबी खीर असते, तिच्यातला गुलाबी भाग याचाच.

कांद्याचा प्रश्न सणाला परस्पर सुटतो. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदाभज्यांवर ताव मारून चातुर्मास पाळणारी घरे कांदा-लसूण चार महिने बाजूला ठेवतात, आणि नैवेद्यात तर तो एरवीही नसतो. कोशिंबिरीचे त्यात काही बिघडत नाही. डाळिंबाचे दाणे घाला. प्रत्येक दाणा स्वतःच्या आवरणात बंद असतो, चिरावा लागत नाही, रस सुटत नाही, आणि दाताखाली फुटतो.

आपल्या जुन्या कोशिंबिरींत पाणी शोषणारा एखादा पदार्थ हटकून असतो, हेही पाहण्यासारखे. दाण्याचे कूट, खोवलेले खोबरे, भिजवलेली मुगाची डाळ. कर्नाटकात रामनवमीला पन्हे आणि ताकाबरोबर जी कोसंबरी वाटतात, तिच्यात तर भिजवलेली मूगडाळच मुख्य, काकडी तिच्या जोडीला. डाळ तास-दीड तास भिजवून अगदी कोरडी निथळली, तर ती स्वतः करकरते आणि काकडीतून सुटलेले थोडे पाणीही पिते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची कैरी घातलेली डाळ याच घराण्यातली, फक्त तिथे डाळ भरड वाटलेली असते. दाण्याच्या कुटाचे गणित वेगळे. दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल; मिक्सरमध्ये जास्त फिरवले की ते सुटते आणि कुटाचा गोळा होतो. दाणे खमंग भाजून, गार करून, सालपटे पाखडून भरड कुटलेले हवेत, आणि ते मिठाच्या आदल्या क्षणी पडायला हवेत. आधी घातलेले कूट पाणी पिऊन फुगते आणि स्वतःचा खमंगपणा हरवते. मग त्या पदार्थाला खमंग काकडी म्हणण्यात अर्थ उरत नाही.

दही घालायचे असेल तर ते टांगून थोडे पाणी काढलेले असावे. पूर्ण चक्का नको, अर्धा तास फडक्यात पुरे. दह्याच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालायची जुनी पद्धत आता मागे पडली, ती परत यावी असे मला फार वाटते. मोहरी आधी पाण्यात कुटून फेसायची आणि पाच-दहा मिनिटे थांबून मग दह्यात मिसळायची, हा क्रम चुकवू नये. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागले की त्यातले विकर तो घडवते, आणि आंबट पदार्थ त्या विकराला लगाम घालतो. दही आधी पडले तर मोहरी नाकात जात नाही. फोडणीतली मोहरी नाकात का जात नाही, त्याचेही उत्तर हेच: तापलेल्या तेलात विकर मरते आणि दाण्याची नुसती खमंग चव उरते.

फोडणीविषयी आणखी एक. उपासाच्या काकडीवर तूप-जिऱ्याची फोडणी असते. बाकी वेळी तेल, मोहरी, हिंग. उपासाला हिंग-मोहरी-हळद चालत नाही, हे सांगायला नको. पण फ्रिजमधून काढलेल्या थंडगार काकडीवर तूप ओतले की ते जागच्या जागी थिजते आणि टाळूला चिकटते. तुपाची फोडणी असेल तर काकडी गार असावी, बर्फासारखी नसावी. आणि कोणतीही फोडणी धूर निघत असताना ओतू नये. ज्या तुकड्यांवर ती पडते ते तिथल्या तिथे शिजतात. मिनिटभर थांबले तर वासात काही कमी होत नाही.

आता सणाच्या दिवसाचे वेळापत्रक. अडचण अशी, की जेवण कधी सुरू होईल ते कोशिंबीर करणाऱ्याच्या हातात नसते. नैवेद्याचे पान वाढून होते, मग गणपतीच्या आरतीपासून सुरू झालेली माळ देवी, शंकर, विठ्ठल असे करत मंत्रपुष्पांजलीपर्यंत येते. मध्ये शेजारचे येतात, त्यांच्यासाठी एखादी आरती पुन्हा होते. यावर उपाय म्हणजे कोशिंबीर दोनदा करणे. नैवेद्यापुरती दोन चमचे वेगळी कालवावी. बाकीची काकडी चोचवून, चाळणीत निथळत, वर ओले फडके टाकून गार जागी ठेवावी. कूट एका वाटीत, मिरची-साखर-खोबरे दुसऱ्या वाटीत, फोडणी कढल्यात तयार. आरतीचे तबक फिरायला लागले की लिंबू पिळावे, दुसरी वाटी आणि कूट घालावे, मीठ भुरभुरावे, फोडणी ओतून हलक्या हाताने कालवावे. दोन मिनिटांचे काम आहे. आरतीला हजर राहायचे पुण्य थोडे कमी पडेल, ते देवाला चालते असे समजावे.

चव घेता येत नसल्याने माप हाताशी असलेले बरे. चिरलेली, निथळलेली काकडी एक किलो असेल, म्हणजे दहा-बारा जणांपुरती, तर मीठ 8 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट सव्वा चमचा. साखर दोन चमचे, भरड कूट एक वाटी, खोबरे अर्धी वाटी, मिरच्या चार, रसदार लिंबू एक. तूप दोन मोठे चमचे, जिरे एक चमचा. कोथिंबीर सर्वांत शेवटी, कारण लिंबाच्या आंबटपणाने तिचा हिरवा रंग मळकट होत जातो.

पन्नास-शंभर माणसांची पंगत असेल तर ही आयत्या वेळची धावपळ शक्य नाही. मग उलट वाट धरावी: मिठाशी भांडण्याऐवजी त्याला आधीच त्याचे काम करू द्यावे. काकडीच्या जरा जाड फोडी कराव्यात, किलोला 20 ग्रॅम मीठ चोळून अर्धा तास ठेवावे आणि मूठ मूठ घेऊन घट्ट पिळावे. किलोमागे वाटी-दोन वाट्या पाणी निघते. पेशींतला दाब गेला, पण भिंती शाबूत असतात आणि एकमेकींना चिकटून दाट होतात. त्यामुळे रसरशीत करकर गेली तरी लोणच्याच्या फोडीसारखा चावा राहतो. ही काकडी दह्यात तासभर टिकते, आणि वेगळे मीठ तिला जवळजवळ लागत नाही. कच्च्या पडवळाची कोशिंबीर याच रीतीने होते. घरच्या दहा माणसांसाठी कोणी असे पिळायला बसले तर मात्र तो काकडीवर अन्याय आहे. पिळून निघालेले खारे पाणी फेकू नका. थालीपिठाचे पीठ त्यात भिजवावे, वेगळे मीठ न घालता.

स्वच्छतेचे दोन शब्द. गौरी-गणपती भर पावसाळ्यात येतात आणि कोशिंबीर हा त्या पानातला न शिजवलेला पदार्थ. काकडी सोलायच्या आधी वाहत्या पाण्याखाली धुवावी, नंतर नव्हे. नाहीतर सालीवरचा चिखल सुरी गरात घेऊन जाते. गाजर-मुळा घासून धुवावा, कोबीची वरची तीन-चार पाने काढून टाकावीत, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून काढावी. कालवलेली कोशिंबीर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

उरलेली दह्याची कोशिंबीर रात्रीच्या जेवणासाठी राखण्यात काही हशील नाही. बिनदह्याची उरली असेल तर दुपारीच फ्रिजमध्ये टाका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात मावेल तेवढी भाजणी घालून थालीपिठे लावा. कूट, मिरची, मीठ, खोबरे सगळे आतच आहे. वरून फक्त तीळ आणि तव्यावर सढळ तेल.